कामत आणि पटवर्धन एका हॉलमध्ये?

एका छोट्या कलादालनासाठी दोन समकालीन वास्तववादी चित्रकारांचं जोडप्रदर्शन सुचवायचं होतं. मी कागदावर दोन नावं लिहिली : वासुदेव कामत आणि सुधीर पटवर्धन. दोघंही मुंबई आणि आसपास आयुष्यभर काम करत आलेले, दोघंही माणसं रंगवणारे, आपापल्या वर्तुळात दोघांनाही मान. पण वर्तुळं वेगळी. कामतांचा डेमो बघायला उभ्या उभ्या गर्दी करणारी मुलं पटवर्धनांच्या प्रदर्शनात क्वचित दिसतात, आणि पटवर्धनांवर कॅटलॉगमध्ये लांबलचक लिहिणाऱ्यांना कामतांवर चार ओळी लिहाव्याशा वाटत नाहीत. हा अबोला मला विनाकारण वाटतो, म्हणून ही जोडी.

कागद दोघांपुढे ठेवला. एक आमचे सर. सावंतवाडीचे, जे.जे.चे जी.डी. आर्ट, पोर्ट्रेट शिकवण्यात हयात गेलेली. दुसरे डॉक्टर. ठाण्यात रेडिओलॉजी करून निवृत्त. चित्रं विकत घेण्याइतके पैसे नाहीत, बघण्याइतका वेळ भरपूर. पटवर्धनही ठाण्यात रेडिओलॉजीच करत होते, पण ‘माझी त्यांची ओळख नाही’ हे डॉक्टर आधीच सांगून मोकळे होतात. दोघांची संध्याकाळची फेरी ठाण्याच्या तलावपाळीला असते आणि फेरीत भांडण असतंच.

सर : ही जोडी कोणाच्या डोक्यातून निघाली? तुमच्या? अहो, दोघं माणसं रंगवतात एवढ्यावर एका हॉलमध्ये टांगणार? शिंपीही शिवतो आणि सर्जनही शिवतो.

डॉक्टर : टाका कुणाचा सरळ येतो ते बघायला मला तरी आवडेल.

सर : चेष्टा नको. कामतांचं काम काय आहे ते आधी समजून घ्या. कारकळला जन्म, जे.जे.त शिक्षण. 2006 साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइज मिळालं, ते कुठल्या चित्राला? बायकोच्या व्यक्तिचित्राला. राजा नाही, मंत्री नाही. जिला रोज बघतो तिला रंगवणं सगळ्यात कठीण, कारण हात बघायच्या आधीच चालायला लागतो. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. त्रिंदादांनीही बायको रंगवली, ती ‘फ्लोरा’. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ही सगळी माळ एकाच दोऱ्यात आहे, आणि तो दोरा म्हणजे समोर बसलेलं माणूस. पुस्तकातलं नाही, मनातलं नाही. समोर बसलेलं.

डॉक्टर : हळदणकर म्हणजे ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र ना? राजा रविवर्म्याचं?

(डॉक्टरांना माहीत होतं. सरांना चिडवायचं होतं.)

सर : रविवर्म्याचं नाही! सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. लोक तिथे जाऊन, समोर उभं राहून, रविवर्म्याचं म्हणून परत येतात. आणि तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंग म्हणजे काय, कळतंय का? तेलात चुकलं तर खरवडा, वरून लावा. इथे कागद एकदा मळला की मळला. त्या चित्रात ज्योत दिसतच नाही, हाताच्या आड आहे. दिसतात ती बोटं. ज्योतीचा उजेड बोटांच्या मांसातून आरपार आलाय, कडा लालसर झाल्यात. तेवढ्यासाठी मी मुलांना अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती धरायला लावायचो. आधी बघा म्हणायचो, मग ब्रश उचला.

डॉक्टर : आम्ही त्याला ट्रान्सइल्युमिनेशन म्हणतो. टॉर्च लावून बघतो, आत पाणी असेल तर उजेड आरपार येतो. हायड्रोसीलला तर…

सर : हळदणकरांच्या चित्रात हायड्रोसील आणू नका.

डॉक्टर : राहिलं. पण सर, हे कसब म्हणजेच वास्तववाद, हे मला पटत नाही. हुबेहूब काढणं तर आधीपासून होतं. फ्रेंच चित्रकार कुर्बे, त्याच्या आधीच्या पिढीतला अँग्र रेशमाची सळसळ ऐकू येईल असं रंगवायचा. त्याला कोणी वास्तववादी म्हटलं नाही. कुर्बेनं 1849-50मध्ये ऑर्नां गावातली एक मयत रंगवली, साडेसहा मीटरच्या आसपास लांबीची. पॅरिसमध्ये बोंब झाली, ती नाकं बरोबर आली नाहीत म्हणून नाही. एवढा मोठा कॅनव्हास राजांसाठी आणि देवांसाठी राखून ठेवलेला, त्यावर हे चिखलाच्या बुटांचे गावकरी कसे, म्हणून. 1855ला त्यानं स्वतःच्या खर्चानं वेगळा मांडव घातला आणि दारावर ‘रिअॅलिझम’ लिहिलं. म्हणजे शब्द रुळला तो आकार कोणाला द्यायचा या भांडणातून. पटवर्धन त्या घरातले.

सर : आणि ते गावकरी कुर्बेच्या स्टुडिओत पोझ द्यायला आले होते, हे तुम्ही गाळलंत. भटजीपासून खड्डा खणणाऱ्यापर्यंत एकेक जण येऊन उभा राहिला. समोर बसलेलं माणूस, डॉक्टर. मी तेच म्हणतोय.

डॉक्टर इथे थोडे अडले. सरांचा मुद्दा बिनतोड होता आणि सरांना ते कळलंही होतं, कारण त्यांनी लगेच शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

सर : आता तुमच्या पटवर्धनांकडे येतो. 2019च्या अखेरीला मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला दालनात, त्यांचं मोठं प्रदर्शन होतं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. मी गेलो होतो. हो, गेलो होतो! मजल्यामागून मजला चढत घुमटापर्यंत गेलो, गुडघे दुखत असताना. सत्तरच्या दशकातली ती कामगार माणसं बघितली. अहो, हा माणूस पुण्याच्या ए.एफ.एम.सी.तून 1972ला डॉक्टर होऊन बाहेर पडला. मुडदे फाडून ॲनाटॉमी शिकलेला. आणि दंड असे? पंजे असे? आमच्या फर्स्ट इयरच्या मुलानं अशी फिगर काढली असती तर मी परत ब्लॉक-इन करायला बसवला असता.

डॉक्टर : ॲनाटॉमी येत नाही म्हणून तसं झालेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांचं एक चित्र आहे, गॅस सिलिंडरवाला माणूस. तेवढं नाव घ्या आणि हिशेब करा. आजच्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो, लोखंड त्याहून थोडं जास्त. तीस किलोच्या आसपास वजन घेऊन हा माणूस चार मजले चढतो. माझ्याकडे अशा माणसांचे कंबरेचे एक्स-रे यायचे. मणक्यांमधलं अंतर चाळिशीतच कमी झालेलं. आता तो भार चित्रात कसा आणाल? मोजून काढलेल्या दंडात तो येत नाही. मोजलेला दंड बघणाऱ्याला दिसतो, उचलणाऱ्याला नाही. तीस किलो उचललेल्याला स्वतःचा हात केवढा वाटत असेल, तेवढा त्यांनी काढला.

सर : हं.

डॉक्टर : पटलं?

सर : ‘हं’ म्हणजे ऐकतोय.

मी मध्येच विचारलं, रेडिओलॉजिस्ट असल्यामुळे पटवर्धनांना माणसाच्या आतलं दिसतं, असं जे लिहिलं जातं, त्याबद्दल डॉक्टरांचं काय म्हणणं?

डॉक्टर : हे वाक्य ज्याला सुचतं त्यानं एक्स-रेच्या खोलीत एक सकाळ काढावी. फिल्मवर चेहरा नसतो. नाव असतं, वय असतं, उजवं-डावं कळायला एक खूण असते. पेशंट आत येतो, शर्ट काढतो, श्वास घ्या, रोखा, सोडा. झालं. त्याचं उरलेलं आयुष्य बाहेरच्या बाकावर. आत्म्याबित्म्याचं काही दिसत नाही तिथे. त्या नोकरीनं दिलं असेल तर वेगळं काहीतरी दिलं, हा माझा अंदाज. 1975 ते 2005, तीस वर्षं ठाण्यात व्यवसाय, म्हणजे चित्र विकलं नाही तरी चूल पेटत होती. आणि रोज नवी अनोळखी माणसं, उघड्या अंगाची, थोडी घाबरलेली, पाच मिनिटांसाठी. सर, तुमच्या पोर्ट्रेटच्या सिटिंगच्या हे बरोब्बर उलटं आहे.

सर : आता मुद्द्यावर आलात. सिटिंग. माझ्या समोरचा माणूस बसतो तो राजीखुशीनं बसतो. मी त्याला बघतो तसा तोही मला बघतो. मधे चहा होतो. तो उठून येतो, कॅनव्हास बघतो, म्हणतो नाक जाड झालंय. मला ऐकून घ्यावं लागतं! लाइकनेस ही नुसती चित्रकाराची हौस नाही, समोरच्याचा तो हक्क आहे. तुमच्या सिलिंडरवाल्याला कोणी विचारलं? त्यानं ते चित्र बघितलं? दंड जाड झालाय म्हणाला का तो?

(हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कष्टकऱ्याविषयीची कणव चित्रात कितीही असो, चित्र टांगलं जातं ती भिंत त्याची नसते. आणि हे पटवर्धनांना ठाऊक नाही असं मुळीच नाही. आपण बघणारे आहोत आणि त्या बघण्यात आपलाही सहभाग आहे, ही टोचणी त्यांच्या पुढच्या कामात वाढतच गेलेली दिसते.)

डॉक्टर : 2008मध्ये त्यांनी समकालीन चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी नेलं होतं, ‘विस्तारणारी क्षितिजे’. मुंबई-दिल्लीच्या गॅलरीबाहेर…

सर : चित्रं गावाला गेली, चांगलं झालं. मी सिलिंडरवाल्याबद्दल विचारतोय.

डॉक्टर : बरं, मग मीही विचारतो. तुमच्या खुर्चीत बसायला वेळ कोणाला असतो? तीन तास हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसणं ही चैन आहे. सिलिंडरवाला तीन तास बसला तर त्याचा दिवस बुडतो. बसलेल्यांचीच चित्रं काढायची ठरवली तर बँकेचे चेअरमन, कॉलेजचे प्राचार्य आणि चित्रकारांच्या बायका एवढंच वास्तव उरेल.

सर : जे.जे.त मॉडेल म्हणून कोण बसायचं, माहीत आहे? चेअरमन नव्हे. रस्त्यावरून आणलेले म्हातारे, फेटेवाले, एखादी कामवाली, कधी साधू. तासावर पैसे मिळायचे. दिवस बुडायचा नाही, दिवस निघायचा. त्या वर्गांतून निघालेली म्हाताऱ्यांची डोकी आज घराघरांत फ्रेम होऊन लागली आहेत.

डॉक्टर : त्यातल्या एकाचं नाव सांगा.

सर चालायचे थांबले. मग पुन्हा चालू लागले. नाव त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टर : मला आधी दुसरीच जोडी सुचली होती. पटवर्धन आणि गीव्ह पटेल. दोघं डॉक्टर, दोघं मित्र, दोघांनी मुंबईचा रस्ता रंगवला. पटेलांचं 1979चं ‘टू मेन विथ हँडकार्ट’ घ्या. हातगाडी ओढून दमलेले दोघं जण थांबून बोलतायत, बस. त्यांना ओझ्याखाली दाखवलेलं नाही, गप्पांत दाखवलंय. पुढे वर्षानुवर्षं ते विहिरीत वाकून बघत राहिले, विहिरींचीच चित्रं.

सर : मग ती का सोडलीत?

डॉक्टर : दोन डॉक्टर म्हणून जोडी लावली की बघणारा तेवढंच बघतो. स्टेथोस्कोप शोधत फिरतो. आणि पटेल 2023मध्ये गेले, तेव्हा लोक श्रद्धांजली म्हणून येतील आणि हळू आवाजात बोलतील. मला भांडण हवंय. आमच्याकडे एक नियम आहे. हाताला मार लागला तर एकच फिल्म काढायची नाही. समोरून एक, बाजूनं एक. समोरून अगदी सरळ दिसणारं हाड बाजूनं बघितलं की मोडलेलं निघतं. कामत एक व्ह्यू, पटवर्धन दुसरा.

सर : दोन्ही फिल्म एकाच हाताच्या असतात, डॉक्टर. इथे हात एकच आहे का?

डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. कामतांच्या व्यक्तिचित्रातला माणूस आणि पटवर्धनांच्या चित्रातला पुलावरचा माणूस एकच लोकल पकडत असतील, हे खरं. पण एकाची किंमत त्याच्या वेगळेपणात आहे : हीच भुवई, हाच ओठांचा कोपरा, दुसऱ्या कुणाचा नाही. दुसऱ्याची त्याच्या गर्दीत असण्यात. शिवाय कामतांनी रामायण रंगवलं, मेघदूत रंगवलं. तिथे समोर बसलेलं माणूस वापरून न बसलेलं जग उभं केलंय. त्याला वास्तववाद म्हणायचं का, यावर तलावपाळीच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या. त्या इथे देत नाही, कारण दोघंही तेच तेच बोलत होते.

सर : मला एक सांगा. पटवर्धनांचं ते ‘लोअर परळ’, 2001चं. गिरणीची जागा, चाळी, वर चढणाऱ्या नव्या इमारती. व्हॅनिशिंग पॉइंट किती आहेत त्यात? रस्ता एकीकडे पळतो, घरं दुसरीकडे कलतात.

डॉक्टर : परळच्या पुलावर उभे राहा आणि मान न हलवता शहर बघून दाखवा. मान फिरते तसे पॉइंट बदलतात. ते एका जागी उभं राहून काढलेलं दृश्यच नाही. 1982च्या गिरणी संपानंतर जे झालं ते एका खिडकीतून दिसत नाही.

सर : ते मला मान्य आहे. अगदी मान्य आहे. माझी तक्रार निराळी. सत्तरच्या दशकात यांनी कामगार एवढा मोठा काढला की कॅनव्हासच्या बाहेर जातोय. तुम्हीच म्हणालात, आकार कोणाला द्यायचा. मग पुढे चित्रकार वर चढला, डोंगरावर, गच्चीवर, आणि माणसं लहान होत गेली. मिनिएचरमधल्यासारखी गोड दिसतात, पण लहान. तो आकार गेला कुठे? चित्रकारानं काढून घेतला की शहरानं?

डॉक्टर : (बऱ्याच वेळानं) शहरानं. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला त्या पॅनोरमांमध्ये चेहरा शोधावासा वाटतो आणि सापडत नाही. म्हणून तर समोरच्या भिंतीवर कामत हवेत.

सर : समोरच्या भिंतीवर नकोत.

डॉक्टर : आता काय झालं?

सर : भिंती समोरासमोर असल्या की माणूस एकीकडे पाठ करून उभा राहतो. तुम्हाला दोन व्ह्यू हवेत ना? मग एका भिंतीवर घ्या, शेजारी. त्यातही घोळ आहे. पोर्ट्रेट सहा-आठ फुटांवरून बघायचं असतं. तिथून हाफटोन मिळून येतात, गालाची कड हरवते आणि नेमकी जिथे हवी तिथे परत सापडते. जवळ गेलात तर नुसते ब्रशचे फटके. पटवर्धनांचा पॅनोरमा उलटा : आधी पंधरा फूट मागे, मग नाक लावून. म्हणजे बघणाऱ्याला सारखं पुढे-मागे करावं लागणार. होऊ दे. व्यायाम होईल. उजेड सारखा ठेवा, पोर्ट्रेटवर स्पॉट मारून नाट्य करू नका. आणि मध्यरेषा सगळ्या चित्रांची एकच, डोळ्याच्या उंचीवर. पॅनोरमा मोठा म्हणून वर चढवलात तर मी येणार नाही.

डॉक्टर : म्हणजे बाकीचं केलं तर याल.

सर : कॅप्शनचं काय करणार?

इथे माझं काम होतं, म्हणून मी सांगितलं : चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, माध्यम, आकार.

सर : पोर्ट्रेटखाली बसलेल्याचं नाव हवं. आमच्या कामाची ती अट आहे.

डॉक्टर : मग पटवर्धनांच्या माणसांखाली काय लिहायचं? ‘नाव माहीत नाही’?

सर : तसंच लिहा. प्रत्येकाखाली. पाच माणसं असली तर पाच वेळा.

डॉक्टर : आणि जे.जे.च्या वर्गातल्या म्हाताऱ्यांची डोकी लावली तर?

सर : ती लावायची कोणी सांगितलं?

डॉक्टर : मी सांगतो. दोन चित्रकारांच्या मधे एक छोटी चौकट, तुमच्या वर्गातली. तुमच्याकडे आहेत, माळ्यावर. मी बघितलीत.

सर : ती स्टुडंट वर्क आहेत हो, डेमोची. टोन बसलेले नाहीत सगळीकडे. एक फेटेवाला त्यातल्या त्यात बरा आहे. कान चुकलाय.

डॉक्टर : कॅप्शन?

सर : आधी काच बदलून घ्यावी लागेल, तडा गेलाय. आणि कॅप्शन मी लिहीन, तुम्ही नाही. तुम्ही डॉक्टर लोक अक्षर काढता की औषध लिहिता ते कळत नाही.